माणूस, स्थळ आणि काम : मुंबईच्या नगरवर्णनांचा एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

नगरजीवनाचा शोध घेण्याचे तीन मार्ग गेल्या दीडशे वर्षांत विशेष रूढ झाले आहेत. शहरात हिंडून जे दिसले ते लिहून काढणे हा पहिला, कॅमेऱ्याने ते टिपणे हा दुसरा आणि तेथे राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याच्या कथा सांगणे वा ऐकणे हा तिसरा. साहित्य, इतिहास, भूगोल, समाजशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखा या साधनांचा उपयोग करतात. त्यांचे मूल्यमापन मात्र वेगवेगळ्या दालनांत होते. प्रवासलेखनाची चर्चा शैलीच्या अंगाने, छायाचित्राची प्रकाश व रचनेच्या अंगाने आणि कथनांची आशयाच्या अंगाने केली जाते. त्यामुळे एकाच शहराविषयी या तिन्ही मार्गांनी काय सांगितले आणि काय गाळले, याची एकत्रित तपासणी फारशी होत नाही.

प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या संदर्भात अशी तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : माणूस, तो जेथे वावरतो ते स्थळ आणि तो करीत असलेले काम या तिहींमधील नाते हा नगरजीवनाचा गाभा होय. जे वर्णन, जे छायाचित्र वा जे कथन हे नाते शाबूत ठेवते त्यातून शहर कळते. जे ते तोडते, ते कितीही देखणे असले तरी त्यातून शहराचे केवळ दृश्य हाती येते. हे नाते तुटण्याचे परिणाम कलेच्या प्रांतापुरते मर्यादित राहत नाहीत. ते घर, जमीन आणि रोजगार यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतात, हे गिरणगावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

१. इ. स. १८६३ : एका शहराची दोन पुस्तके

इ. स. १८६३ हे वर्ष मुंबईच्या वर्णनपरंपरेत महत्त्वाचे आहे. या एकाच वर्षी दोन भिन्न प्रकृतीची पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिले गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. मुंबई शहराचा एवढ्या विस्ताराने परिचय करून देणारे ते मराठीतील पहिले पुस्तक होय. दुसरे विल्यम जॉन्सन यांच्या 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या छायाचित्रग्रंथाचा पहिला खंड. त्याचा दुसरा खंड १८६६ मध्ये निघाला. भारतातील लोकसमूहांची छायाचित्रांद्वारे ओळख करून देणाऱ्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

मुंबईत छायाचित्रकला त्यापूर्वीच रुजली होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. जॉन्सन हे या संस्थेच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार असलेले डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही होते. म्हणजे कॅमेरा केवळ युरोपीय हातांतच होता असे म्हणता येत नाही. येथे प्रश्न यंत्राचा वा वंशाचा नसून पाहण्याच्या पद्धतीचा आहे.

जॉन्सन यांच्या ग्रंथातील पद्धत लक्षणीय आहे. निरनिराळ्या जातिजमातींच्या व्यक्तींना एके ठिकाणी उभे वा बसते करून त्यांची छायाचित्रे घ्यावयाची, ती कापून मुंबईतील एखाद्या इमारतीच्या, रस्त्याच्या वा निसर्गदृश्याच्या वेगळ्या छायाचित्रावर बसवावयाची आणि त्यांतून एक नवे चित्र सिद्ध करावयाचे, अशा रीतीने त्यातील अनेक चित्रे तयार झाली. त्या काळातील काचपट्ट्या, दीर्घ प्रकाशनकाल आणि उघड्यावर माणसे स्थिर ठेवण्यातील अडचणी पाहता यामागे तांत्रिक कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही परिणाम काय झाला हे पाहणे आवश्यक आहे. चित्रातील माणसे ज्या पार्श्वभूमीपुढे उभी दिसतात तेथे ती त्या क्षणी नव्हतीच. त्यांच्या अंगावरील वेश, पागोटे, दागिने नेमके उमटले आहेत. परंतु ती माणसे तेथे कशासाठी आली, काय करतात, कोणाशी बोलतात हे चित्र सांगू शकत नाही. त्यांची ओळख जातीच्या नावापाशी संपते. माणूस आणि स्थळ यांचे नाते येथे अक्षरशः कात्रीने तोडले गेले आहे.

माडगांवकरांची रीत निराळी आहे. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिक्षक आणि दीर्घकाळ मुंबईत राहिलेले असे हे लेखक होते. त्यांच्या पुस्तकात बेटांचा पूर्वेतिहास, देवळे, तलाव, बाजार, व्यापार, शाळा, छापखाने, आगगाडी अशा नानाविध विषयांची नोंद आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांच्या कापडगिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापन होऊन तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे माडगांवकर लिहीत होते तेव्हा मुंबईचे पुढील शतक ज्या दोन गोष्टींनी घडविले त्या नुकत्याच आकार घेत होत्या. ते एखाद्या ठिकाणाचे वर्णन करतात तेव्हा तेथे पूर्वी काय होते, आता काय आहे आणि तेथे कोणता उद्योग चालतो हे सांगण्याकडे त्यांचा ओढा असतो. स्थळ, काळ आणि उद्योग असे तीन धागे त्यांच्या वर्णनात सहसा एकत्र येतात.

अर्थात माडगांवकरांच्या दृष्टीलाही मर्यादा आहेत. इंग्रजी राजवटीविषयीचा त्यांचा आदर जागोजागी जाणवतो. शहर उभारणाऱ्या कष्टकऱ्यांचा उद्योग त्यांना दिसतो, परंतु त्यांचा आवाज त्यांच्या पुस्तकात क्वचितच उमटतो. तरीही त्यांच्या वर्णनातील माणूस कोठून तरी आलेला असतो आणि काहीतरी करीत असतो. एवढ्या एका गोष्टीमुळे त्यांचे पुस्तक आजही शहर समजून घेण्यास उपयोगी पडते, तर जॉन्सन यांचा ग्रंथ मुख्यतः पाहणाऱ्याची दृष्टी समजून घेण्यास उपयोगी पडतो.

२. चालणे, थांबणे आणि वाट विचारणे

शहरात हिंडण्याला आधुनिक विचारात मोठे स्थान मिळाले ते बोदलेर आणि वॉल्टर बेंजामिन यांच्यामुळे. पॅरिसच्या रस्त्यांवर निर्हेतुकपणे भटकणारा, गर्दीत असूनही गर्दीपासून अलिप्त असा द्रष्टा त्यांनी उभा केला. पुढे मिशेल द सर्तो यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून दिसणारे शहर आणि खाली चालणाऱ्यांनी पावलापावलाने घडविलेले शहर यांतील भेद दाखविला. उंचावरून पाहणाऱ्याला शहर नकाशासारखे वाचता येते, पण ते जगता येत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हे विचार मुंबईला लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, निर्हेतुकपणे भटकण्याची मुभा सर्वांना सारखी नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून दाखविले की, रस्त्यावर असलेल्या स्त्रीला आपण काही कामासाठी बाहेर पडलो आहोत हे सतत सिद्ध करावे लागते. नाक्यावर उगाच उभे राहणे हा पुरुषाचा विरंगुळा ठरतो. स्त्रीने तसे केल्यास तिच्या चारित्र्याची चर्चा होते. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकातील नाका हा तरुण मुलग्यांचा आहे. तेथून दिसणारे शहर खरे आहे, परंतु ते त्या नाक्यावर उभे राहू शकणाऱ्यांचे शहर आहे. शहराविषयीच्या कोणत्याही लेखनाचा विचार करताना पाहणारा कोठे उभा आहे आणि तेथे उभे राहण्याची मुभा त्याला कशामुळे मिळाली, हा प्रश्न म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

दुसरी गोष्ट अशी की, परक्या वस्तीत चालत जाण्याने ती वस्ती आपोआप कळत नाही. या संदर्भात नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकर यांनी लिहिलेली प्रस्तावना आवर्जून आठवावी लागते. त्या कविता समजून घेण्यासाठी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या परिसरात हिंडले आणि ज्या शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक नाहीत ते त्यांनी कवीलाच विचारले. मुंबईत राहणाऱ्या, मराठीतच लिहिणाऱ्या एका मान्यवर नाटककाराला त्याच शहरातील, त्याच भाषेतील शब्द अपरिचित असावेत, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. शहरातील अंतर मैलांत मोजता येत नाही, याचा तो पुरावाच होय. तेंडुलकरांच्या भटकंतीचे मोल असे की, तिथे वाट दाखविणारा त्या वस्तीचा रहिवासी आहे आणि पाहुणा विचारणारा आहे. प्रवासलेखनात सामान्यतः लेखक वाटाड्या असतो आणि वाचक त्याच्यामागून जातो; येथे तो क्रम उलटा झाला आहे.

चालण्याइतकेच थांबणेही महत्त्वाचे असते. अरुण कोलटकर यांच्या 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या इंग्रजी संग्रहाचे उदाहरण येथे घेता येईल. वेसाइड इन या उपाहारगृहात नित्य बसून त्यांनी समोरच्या चौकातील त्रिकोणी मोकळ्या जागेचे जीवन वर्षानुवर्षे न्याहाळले. झाडू मारणाऱ्या स्त्रिया, पदपथावर राहणारी कुटुंबे, भटकी कुत्री, इडली विकणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे भुकेले लोक हा त्या कवितांचा विषय आहे. कोलटकर स्थळ बदलत नाहीत, वेळ बदलू देतात. एकाच जागी प्रहर कसे पालटतात आणि त्यांबरोबर ती जागा कोणाची होते हे ते पाहतात. काही तासांच्या फेरफटक्यात न सापडणारी गोष्ट या थांबण्यातून सापडते, ती म्हणजे माणसाच्या कामाचा दिनक्रम. प्रवासाच्या कल्पनेत गतीला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे पुनःपुन्हा त्याच ठिकाणी जाण्याला दिले जात नाही. नगरवर्णनाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट अधिक फलदायी ठरते.

३. छायाचित्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

छायाचित्राविषयी एक जुना आक्षेप आहे. क्रुप या जर्मन उद्योगसमूहाच्या कारखान्याच्या छायाचित्रातून त्या संस्थेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, अशा आशयाचे बर्टोल्ट ब्रेख्ट यांचे निरीक्षण बेंजामिन यांनी १९३१ मध्ये छायाचित्रकलेवरील आपल्या निबंधात उद्धृत केले. सूझन सोंटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या ग्रंथात तोच धागा पुढे नेला. एखादी गोष्ट कशी चालते हे काळाच्या ओघात उलगडते, म्हणून ते समजण्यासाठी कथन लागते, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ आहे. कारखान्याची भिंत छायाचित्रात येते; मजुरी, पाळी, मालकी आणि संप छायाचित्रात येत नाहीत.

हा आक्षेप बिनतोड वाटला तरी तो संपूर्ण सत्य नाही. रघुबीर सिंग यांचे 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' (१९९४) हे पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भारतीय जीवनाचे चित्रण रंगातच झाले पाहिजे अशी भूमिका घेणाऱ्या या छायाचित्रकाराने मुंबईतील दुकानांच्या काचा, आरसे आणि त्यांत पडलेली प्रतिबिंबे यांचा उपयोग करून एकाच चौकटीत शहराचे अनेक थर आणले. काचेच्या आतील वस्तू, बाहेरचा माणूस आणि त्यामागचा रस्ता एकत्र दिसतात. जॉन्सन यांनी दोन चित्रे जोडून जी एकता कृत्रिमपणे आणली, ती येथे प्रत्यक्ष स्थळातूनच मिळविली आहे. श्रीमंती आणि वंचना एकमेकांना खेटून असतात हे सांगण्यासाठी लेखकाला परिच्छेद लागले असते. छायाचित्र ते एका दृष्टिक्षेपात दाखविते. तरीही त्या चौकटीतील पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात काही संवाद झाला की नाही, हे चित्र पाहून कळत नाही, हेही खरे.

सुधारक ओलवे यांचे काम या ठिकाणी वेगळे उठून दिसते. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे त्यांनी दीर्घकाळ काढली. पुढे २०१६ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. गटारात, कचऱ्याच्या गाडीवर, कचराभूमीवर काम करणारी ही माणसे बहुसंख्येने दलित समाजातील आहेत. ओलवे यांनी त्यांना कामाच्या ठिकाणी पाहिले, तसेच त्यांच्या घरांतही पाहिले. या दोन स्थळांच्या एकत्र येण्याला महत्त्व आहे. केवळ गटारातील माणसाचे छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात कीव वा किळस उत्पन्न करून थांबू शकते. तोच माणूस घरी मुलांबरोबर दिसला की कामाचे ओझे कोणत्या संसारावर पडते हे समजते. शहर स्वच्छ आहे असे म्हणताना कोणाच्या शरीराची किंमत मोजली जात आहे, हा प्रश्न ही छायाचित्रे उपस्थित करतात. कॅमेरा माणसाला स्थळापासून तोडतोच असे नाही. छायाचित्रकाराने वेळ दिला आणि माणसाला एकाहून अधिक ठिकाणी पाहिले तर तोच कॅमेरा हे नाते जोडूही शकतो.

४. गिरणगाव : रिकाम्या जमिनीची कल्पना

आतापर्यंतची चर्चा केवळ सौंदर्यशास्त्रीय वाटण्याचा संभव आहे. गिरणगावाच्या इतिहासाकडे वळले असता तिचे व्यावहारिक रूप दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांतील सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करावयाचे हा शहरापुढील मोठा प्रश्न झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकाच्या विकासासाठी अशी वाटणी अपेक्षित होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली. इमारतींखालील जमीन तिच्यातून वगळली गेल्याने शहराच्या आणि घरांच्या वाट्याला येणारे क्षेत्र फार घटले. या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

येथे 'रिकामी जमीन' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. कायद्याच्या भाषेत रिकामेपणाची व्याख्या बांधकामावरून ठरते. परंतु बंद गिरणीच्या आवारात बांधकाम असूनही ती दुसऱ्या अर्थाने रिकामी दिसू लागली होती, आणि या दिसण्यात छायाचित्रांचा वाटा आहे. पडक्या भिंती, थंड धुरांडी, गंजलेले साचे, तुटक्या काचांतून येणारी उन्हाची तिरीप अशी निर्मनुष्य चित्रे मासिकांतून आणि प्रदर्शनांतून वारंवार दिसली. ती पाहताना मनात हळहळ दाटते. परंतु ज्या चित्रात माणूस नाही त्या चित्रात हक्कदारही नसतो. अवशेष म्हणून पाहिलेल्या जागेविषयी दुःख वाटते, तेथील थकलेल्या पगाराविषयी प्रश्न पडत नाही. छायाचित्रकारांचा हेतू असा होता असे येथे सुचवावयाचे नाही. चित्रणाची एक सवय आणि जमिनीच्या व्यवहाराची एक भाषा यांत नकळत मेळ बसला, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

या चित्रातून वगळलेली माणसे दोन प्रकारच्या लेखनात सापडतात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथात गिरणगावातील रहिवाशांच्या शंभराच्या आसपास निवेदनांतून तेथील इतिहास उभा केला आहे. कामगार, कार्यकर्ते, कलावंत, स्त्रिया यांच्या बोलण्यातून साचेखाते, खानावळ, भजनी मंडळ, तमाशा, कामगार संघटना आणि चाळ यांचे परस्परांशी असलेले नाते उलगडते. स्मृतीवर आधारलेल्या निवेदनांत चुका राहतात, घटनांचा क्रम बदलतो, गतकाळ उजळून निघतो, हे संशोधकाने गृहीतच धरले पाहिजे. तरीही कोणत्या पाळीला कोण जात होता, गावाकडून आलेला माणूस कोणाच्या खोलीत गाळा घेऊन राहत होता, घरचे जेवण कोठे मिळत होते, ही माहिती अन्य साधनांतून क्वचितच मिळते.

दुसरे उदाहरण जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाचे. संपानंतर विस्कटलेल्या एका गिरणी कामगार कुटुंबाची ही कथा चाळीतील खोलीत घडते. संप प्रेक्षकाला सभेच्या व मोर्चाच्या रूपात दिसत नाही, तर मुलांच्या बेकारीच्या, घरातील कुरबुरींच्या आणि आईच्या सोसण्याच्या रूपात दिसतो. ब्रेख्ट यांनी छायाचित्राविषयी घेतलेल्या आक्षेपाचे एक उत्तर या नाटकात सापडते. कारखान्याची भिंत कोठेही न दाखविता कारखाना बंद पडणे म्हणजे काय, हे ते दाखविते. पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या संग्रहाच्या शीर्षकातील 'फिनिक्स' हे एका गिरणीचेही नाव आहे आणि त्या गिरणीच्या जागेवर आज एक भव्य मॉल उभा आहे, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या शीर्षकाचा उपरोध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

५. चाळ आणि स्मरणरंजन

गिरण्यांप्रमाणेच चाळ हाही छायाचित्रकारांचा आणि फेरफटके आयोजित करणाऱ्यांचा आवडता विषय झाला आहे. लाकडी कठडे, लांब सज्जे, वाळत घातलेले कपडे, चौकातील गणेशोत्सव हे तपशील पुनःपुन्हा येतात. या आकर्षणाची मुळे मराठी वाङ्मयात जुनी आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाने साठ बिऱ्हाडांच्या चाळीला मराठी मनात अढळ स्थान दिले. त्याच्या अखेरच्या चिंतनात विनोद मागे सरतो आणि संपत चाललेल्या एका जीवनपद्धतीविषयीची व्याकुळता पुढे येते. ती व्याकुळता अस्सल आहे, यात शंका नाही. परंतु ती चाळ मुख्यत्वे पांढरपेशा कारकुनांची आहे, याचा विसर पडून तिलाच सगळ्या चाळींचे प्रतिनिधित्व बहाल केले जाते, तेव्हा अडचण होते.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी हा निराळा अनुभव आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील या चाळींत कामगारांच्या पिढ्या सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आणि सामाईक शौचालयांच्या सोबतीने राहिल्या. या चाळींनी एकोपा पाहिला, तशीच जानेवारी १९७४ मधील वरळीची दंगलही पाहिली. दलित पँथरच्या काळातील या संघर्षाची नोंद न घेता चाळीच्या शेजारधर्माचे गोडवे गाणे म्हणजे इतिहासाचा अर्धाच भाग सांगणे होय. पुनर्विकासानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. जुन्या चाळीविषयी हळहळणाऱ्या प्रेक्षकाला स्वतःच्या घरात स्वतंत्र शौचालय असते. ज्या कुटुंबाला ते तीन पिढ्यांनंतर प्रथमच मिळाले, त्याची हळहळ आणि त्याचा आनंद यांचे मिश्रण वेगळ्या जातीचे असणार. उंच इमारतीत गेल्यावर दारे बंद होतील, देखभालीचा खर्च वाढेल, ही चिंताही त्यात मिसळलेली असू शकते. हे मिश्रण टिपण्यासाठी सज्जाचे छायाचित्र पुरेसे नाही आणि किल्ली हाती घेतल्याचे छायाचित्रही पुरेसे नाही. त्या घरातील बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावेच लागते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. त्यामुळे भटकंती, छायाचित्रे आणि मुलाखती यांवर आधारलेले प्रकल्प महाविद्यालयांत मोठ्या संख्येने होऊ लागले आहेत आणि त्यांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी प्राध्यापकांवर आली आहे. वरील विवेचनातून या कामासाठी काही कसोट्या निष्पन्न होतात.

विद्यार्थी त्या ठिकाणी किती वेळा आणि कोणकोणत्या वेळी गेला, हे प्रथम पाहावे. पहाटेची आणि दुपारची मंडई ही दोन वेगळी स्थळे असतात. छायाचित्राखाली केवळ 'एक वृद्ध विक्रेती' असे न लिहिता, तिच्या संमतीने, ती काय विकते, माल कोठून येतो, ती त्या जागी किती वर्षे बसते हे लिहिलेले असावे. संमती नसल्यास छायाचित्र घेऊ नये, हे सांगण्याची गरज भासू नये. पण ती भासते. मुलाखतीत विद्यार्थ्याला न समजलेले स्थानिक शब्द तसेच ठेवून त्यांचे अर्थ सांगणाऱ्याकडूनच घेतलेले असावेत. चित्रात जे आले नाही त्याचीही नोंद असावी. विद्यार्थिनींना ज्या जागी, ज्या वेळी जाता आले नाही, तो त्यांच्या अभ्यासातील उणेपणा न मानता शहराविषयीचा एक निष्कर्ष मानावा.

या कसोट्या मुंबईपुरत्या नाहीत. तालुक्याच्या गावातील बसस्थानक, आठवड्याचा बाजार, यंत्रमागांची वस्ती वा बंद पडलेला साखर कारखाना यांनाही त्या लागू पडतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने नकाशा काढावा, इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागदपत्रे पाहावीत, मराठीच्या विद्यार्थ्याने बोली आणि कथने नोंदवावीत, आणि तिघांनी एकमेकांचे काम वाचावे, अशी योजना झाल्यास बहुविद्याशाखीय अभ्यास हा शब्द सार्थ होईल.

निष्कर्ष

प्रवास, छायाचित्र आणि रोजच्या जगण्याच्या कथा ही तिन्ही नगरजीवनाच्या आकलनाची समर्थ साधने आहेत. मात्र त्यांपैकी एकही स्वयंपूर्ण नाही. प्रवासाला विस्तार असतो, पण तो पाहणाऱ्याच्या मुभेने मर्यादित होतो. छायाचित्राला नेमकेपणा असतो, पण काळाचा ओघ त्याच्या हातून निसटतो. कथनाला काळ पेलता येतो, पण ते स्मृतीच्या रंगाने रंगते. माडगांवकर, तेंडुलकर, कोलटकर, ओलवे, आडारकर-मेनन आणि पवार यांची माध्यमे भिन्न आहेत, तरी त्यांच्या कामात एक समान सूत्र आढळते : माणसाला त्याच्या जागेपासून आणि कामापासून न तोडणे. जॉन्सन यांच्या कात्रीने १८६३ मध्ये जे केले तेच निर्मनुष्य गिरणीच्या सुंदर छायाचित्रानेही घडू शकते, ही जाणीव शहराचा अभ्यास करणाऱ्याने व करवून घेणाऱ्याने ठेवली पाहिजे. मुंबईतील जुन्या वस्त्या वेगाने पालटत आहेत. त्यांची चित्रे विपुल उरतील. त्या चित्रांतील माणसे तेथे काय करीत होती, हे सांगू शकणारी पिढी मात्र वयोवृद्ध झाली आहे. तिचे म्हणणे नोंदविण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणे अद्याप शक्य आहे आणि ते विनाविलंब हाती घेतले पाहिजे.